जुन्या फिशटँकची सफाई: प्रकल्प नोंदी

५ फेब्रुवारी

टाकी आली. बाहेरून ७५ × ३० × ४० सेंमी, काच ६ मिमी, कडांना पट्टी नाही. सोबत मागे टांगायचा फिल्टर, हीटर, हवेचा पंप, नळी, जाळी आणि बादलीभर खडी. बराच काळ कोरडी पडून होती. पाण्याच्या जुन्या रेषेवर बोटभर रुंदीचा पांढरा खरखरीत पट्टा, मागच्या काचेवर वाळलेलं शेवाळ, तळाच्या सांध्यांत गाळाची खपली.

दिसतंय ते घासून निघेल. जे दिसत नाही त्याची चौकशी आधी: रोग कुठले होऊन गेले, औषधं कुठली पडली, साबण लागला का. टाकी देणाऱ्यांना फोन लावला.

"मासे शेवटी कशाने गेले?"

"एकेक करून गेले हो. मग मीच कंटाळलो."

"खंगून गेले का? पाठीला बाक, अंगावर न भरणाऱ्या जखमा, असं काही?"

"नाही, तसं नव्हतं. मध्ये एकदा अंगावर पांढरे ठिपके आले होते, तेव्हा निळं औषध घातलं होतं."

"आणि साबण?"

"छे, साबण कधीच नाही."

साबणाचं उत्तर ऐकून बरं वाटलं. साबणातली द्रव्यं माशांच्या कल्ल्यांवरचा चिकट थर बिघडवतात आणि सिलिकॉनच्या कडेत अडकलेला साबण नुसत्या पाण्याने लवकर सुटत नाही.

पांढऱ्या ठिपक्यांची आता भीती नाही. तो परजीवी (इक्थियोफ्थिरियस) माशाशिवाय टिकत नाही. पाण्यात पोहणाऱ्या अवस्थेत त्याला साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही तर तो मरतो, आणि कोरडं पडणं त्याला मुळीच सोसत नाही. खंगणं आणि बाक यांबद्दल विचारलं ते माशांच्या क्षयासाठी. तो मायकोबॅक्टेरियममुळे होतो. या जिवाणूच्या पेशीला मेणचट कवच असतं, त्यामुळे तो कोरडेपणाला आणि क्लोरीनला सहज दाद देत नाही. उत्तर 'हो' आलं असतं तर टाकी परत पाठवली असती.

राहिलं निळं औषध. ते मिथिलीन ब्लू असू शकतं, मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेटही असू शकतं. दोन्ही निळी. मिथिलीन ब्लूने सिलिकॉन रंगतं, बाकी फारसं बिघडत नाही. तांबं मात्र चुनखडीच्या खड्यांत, गाळात आणि सिलिकॉनमध्ये धरून राहू शकतं आणि पुढे हळूहळू सुटतं. माशांना चालेल एवढ्या तांब्याने कोळंबी आणि गोगलगायी मरतात. टॉर्च लावून पाहिलं, तर कोपऱ्यातल्या सिलिकॉनवर फिकट निळसर छटा आहे. म्हणजे रंगाचं औषध, मिथिलीन ब्लू, होतंच. तांबं नव्हतं असं मात्र यावरून ठरत नाही. तांब्याची चाचणी करायची, पण घाण निघाल्यावर.

६ फेब्रुवारी

वर्गवारी. हातात रबरी मोजे घालूनच. मायकोबॅक्टेरियम मॅरिनम हा याच कुळातला जिवाणू माणसाच्या हाताला ओरखड्यातून लागतो आणि चिवट गाठी उठवतो. त्याला ३० अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं, म्हणून तो शरीराच्या थंड भागांत, बोटांवर आणि कोपरावर, बस्तान बसवतो. टाक्या साफ करणाऱ्यांच्या हातावरची महिनोन्महिने न भरणारी जखम डॉक्टरांना दाखवताना 'मी मत्स्यटाकी साफ करतो' हे आवर्जून सांगावं. नाहीतर तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

फेकायचं: खडी, फिल्टरचा स्पंज, कार्बनची पिशवी, हवेची नळी. खडीवर व्हिनेगरचे थेंब टाकले, तर लगेच बारीक फेस आला. म्हणजे चुनखडी आहे. ती पाणी जड करत राहणार, आणि तांबं पडलं असेल तर ते याच खड्यांत बसलेलं असणार. खडी उकळून वापरावी असा सल्ला बरेच जण देतात. उकळून जंतू मरतील, तांबं जागच्या जागी राहील. शिवाय आत ओल असलेला दगड तापवताना फुटू शकतो. नवी खडी घेणं सोपं.

नळी कडक आणि पिवळी पडली आहे. नवी घालायची, सोबत एकमार्गी झडपही, म्हणजे वीज गेली की टाकीतलं पाणी नळीवाटे उलटं पंपात उतरणार नाही.

हीटरच्या काचनळीत आतून दव धरलंय. बुडाचं सील गेल्याची खूण. पाण्यात सोडायच्या विजेच्या उपकरणाच्या बाबतीत 'बघू, चालतोय तोवर' चालत नाही. तोही बाद.

ठेवायचं: टाकी, फिल्टरचा डबा आणि मोटर, जाळी, पंप.

खडीत गोगलगायींचे रिकामे शंख आणि वाळलेल्या पाणवनस्पतीचे तुकडे निघाले. सगळं पिशवीत बांधून कचऱ्यात टाकलं. असा ऐवज ओढ्यात, तळ्यात किंवा गटारात झटकायचा नाही. टाकीतल्या वनस्पती आणि गोगलगायी बाहेरच्या पाण्यात माजल्या की त्यांना आवरणं कठीण होतं.

संध्याकाळी गळतीची पहिली चाचणी. गळकी टाकी चकाचक करण्यात अर्थ नाही, म्हणून ही आधी. सपाट फरशीवर फोमची चटई, त्यावर टाकी, चारही सांध्यांच्या बाहेरून टिश्यू पेपरच्या घड्या टेकवल्या. पाणी तीन टप्प्यांत भरलं आणि प्रत्येक टप्प्यानंतर थांबलो. (फोम फक्त बिनपट्टीच्या टाकीला. प्लास्टिकच्या चौकटीची टाकी कडांवर उभी राहते, तिच्याखाली फोम घातला तर तो मधल्या काचेला वर रेटतो.)

७ फेब्रुवारी

टिश्यू कोरडे. पाणी काढलं. याच्यावर अजून विश्वास ठेवत नाही. का, ते क्षार निघाल्यावर कळेल.

८ फेब्रुवारी

क्षाराचा दिवस. पांढरा पट्टा बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचा. व्हिनेगरमधलं असेटिक आम्ल (बाटलीवर ४ ते ५ टक्के लिहिलेलं असतं) त्याच्याशी भिडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पाण्यात विरघळणारं कॅल्शियम असेटेट उरतं. हे होण्यासाठी आम्ल जागेवर टिकायला हवं आणि उभ्या काचेवर ते टिकत नाही, वाहून जातं. म्हणून टाकीच आडवी पाडली, पुढची काच खाली. पट्ट्यावर कागदी रुमाल अंथरले, व्हिनेगरने निथळेपर्यंत भिजवले, वर स्वयंपाकातली पातळ प्लास्टिक फिल्म चिकटवली म्हणजे सुकणार नाही. कान जवळ नेला तर सूक्ष्म चुरचुर ऐकू येते.

तासाभराने फिल्म काढली. पट्टा मऊ होऊन दह्यासारखा बसला होता. प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने ओढला तर निम्मा एका फटक्यात निघाला. उरलेल्यावर पुन्हा रुमाल. शेवटच्या चिवट ठिपक्यांना नवं ब्लेड, काचेशी तिरपं धरून, ओल्या काचेवर आणि एकाच दिशेने. सांध्यापासून दोन बोटं अंतर राखलं; ब्लेडचं टोक सिलिकॉनला लागलं की तिथे फट. (अ‍ॅक्रिलिकच्या टाकीला ब्लेड अजिबात नाही, चरे पडतात.)

काचेवर ओरखडे बहुतेक वेळा ब्लेडने पडत नाहीत, स्पंजखाली अडकलेल्या वाळूच्या कणाने पडतात. वाळूतलं क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असतं. म्हणून तळ आधी धुऊन, फडकं दर थोड्या वेळाने खळबळून, मगच घासणं. शेवाळाच्या डागांवर जाडं मीठ वापरलं. मीठ काचेपेक्षा मऊ, त्यामुळे घासलं तरी काच शाबूत, आणि कण उरले तर पाण्यात विरघळतात.

९ फेब्रुवारी

उरलेल्या तीन काचा, एकेक बाजू खाली पाडून. काम कालचंच.

मागच्या काचेवर एक धुरकट पट्टा राहिला आहे. व्हिनेगर, ब्लेड, कशालाच बधत नाही. ओला केला की जवळपास नाहीसा होतो, वाळला की परत येतो. म्हणजे तो क्षार नव्हे, काचच वरून खवली गेलीय. पाणी त्या बारीक खाचा भरतं, आणि पाण्याचा अपवर्तनांक हवेपेक्षा काचेच्या जवळचा असल्याने प्रकाश कमी विखुरतो. भरलेल्या टाकीत दिसणारही नाही. सोडून दिला.

फिल्टर उघडला. मोटरमधला पंखा (इम्पेलर) चुंबकासकट हळूच ओढून काढला, त्याच्या खोबणीतला चिकट गाळ कानात घालायच्या कापसाच्या काडीने काढला, पंख्याचा दांडा व्हिनेगरमध्ये भिजवला. रबरी कडी चिरलेली नाही. तिला सिलिकॉनचं ग्रीस लावायचं. पेट्रोलियम जेली लावली तर रबर फुगून सैल पडू शकतं.

सगळं भरपूर पाण्याने धुतलं. व्हिनेगरचा वास जाईपर्यंत, आणि वास गेल्यावरही आणखी दोन बादल्या. पुढे ब्लीच येणार आहे. आम्ल आणि ब्लीच भेटले की क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत तो फुप्फुसाला इजा करतो. ब्लीच आणि अमोनिया, तेही तसंच, क्लोरामाइनचे वायू. काच पुसायच्या फवाऱ्यांत बऱ्याचदा अमोनिया असतो, म्हणून ती बाटली या कामाच्या जवळपासही नको.

११ फेब्रुवारी

गळतीची दुसरी चाचणी. पहिलीवर विश्वास का नव्हता ते आता दिसलं. मागच्या उजव्या कोपऱ्याखालचा टिश्यू सकाळी ओलसर. थेंब नाही, ओघळ नाही, नखाएवढा गडद डाग. टिश्यू बदलला, दुपारी तिथेच तसाच डाग. बारीक फट क्षाराने बुजवली होती. व्हिनेगरने क्षार खाल्ला आणि फट मोकळी झाली. जुन्या टाकीची चाचणी सफाईच्या आधी एकदा आणि सफाईनंतर एकदा, ती याचसाठी. आधीची एकच करून कोरड्या टिश्यूवर खूश राहणाऱ्यांच्या दिवाणखान्यात पुढे कधीतरी रात्री पाणी पसरतं.

पाणी काढून टॉर्चच्या उजेडात कोपरा पाहिला. टाकीच्या सांध्यात सिलिकॉन दोन ठिकाणी असतं. दोन काचांच्या मधला पातळ थर टाकीला पेलतो. आतल्या कोपऱ्यात फिरवलेली जाड कड पाणी मधल्या थरापर्यंत पोचू देत नाही. इथे मधला थर एकसंध आणि पारदर्शक आहे, आरपार बुडबुडे नाहीत. आतली कड मात्र नखाने उचलली जाते आणि तिच्याखाली शेवाळ शिरलंय. मधलाच थर सुटला असता तर टाकी मोडीत काढली असती, किंवा काचा सुट्या करून पुन्हा जोडाव्या लागल्या असत्या. आतली कड नव्याने करता येते.

१२ फेब्रुवारी

कड फक्त त्या कोपऱ्यात ठिगळासारखी लावून चालत नाही. नवं सिलिकॉन जुन्या, वाळलेल्या सिलिकॉनला धड चिकटत नाही. जोडाच्या जागी फट राहते. म्हणून आतल्या सगळ्या कडा काढल्या, तळाच्या चार आणि उभ्या चार. ब्लेड आधी एका काचेला टेकवून सरकवलं, मग दुसऱ्या काचेला, आणि मधली पट्टी रबरासारखी ओढून काढली. मधल्या थरात ब्लेड जाऊ द्यायचं नाही, हाताला सगळा वेळ लगाम. उरलेली साय बोटांनी चोळून गोळा केली. मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून घेतलं. बोट फिरवलं की काच कुचकुच वाजते तिथे सिलिकॉन उरलेलं नाही. बोट अडखळतं तिथे अजून साय आहे.

वेळखाऊ काम. यात घाई केली तर पुढचं सगळं वाया.

१४ फेब्रुवारी

नवी कड. नळीवर '१०० टक्के सिलिकॉन' आणि मत्स्यटाकीला चालतं असं लिहिलेलंच घेतलं. न्हाणीघरासाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं. भिंतीवरची बुरशी मारायला ते चांगलं, पाण्यातल्या जिवांना विष.

कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना कडेपासून ६ मिमीवर मास्किंग टेप लावला. नळीचं टोक तिरपं कापलं. एका दमात न थांबता तळाच्या चारही कडा, मग उभ्या. ओल्या मोज्याच्या बोटाने प्रत्येक कड एकाच ओढीत दाबत नेली; मध्ये थांबलं की तिथे वळी उठते. टेप लगेच, सिलिकॉन ओलं असतानाच ओढला. वर साय धरल्यावर ओढला तर कडही सोबत येते. खोलीत आंबट वास भरला. हे सिलिकॉन हवेतला दमटपणा घेऊन घट्ट होतं आणि घट्ट होताना असेटिक आम्ल सोडतं, तोच हा व्हिनेगरसारखा वास. पूर्ण वास गेला की आतपर्यंत घट्ट झालं असं समजायचं. नळीवर २४ तास लिहिलंय, पण ते पातळ थरासाठी. आठवडाभर हात लावणार नाही.

२१ फेब्रुवारी

वास नाही. टाकी भरली, ताजे टिश्यू लावले. हे पाणी दोन दिवस उभं ठेवणार, म्हणजे गळतीसोबत तांब्याची चाचणीही होईल. उरलेलं तांबं उभ्या पाण्यात उतरायला वेळ लागतो; भरल्या भरल्या चाचणीची नळी बुडवून 'शून्य' मिळणं सोपं. थोड्या आम्लयुक्त पाण्यात तांबं जास्त सुटतं, म्हणून पाण्यात व्हिनेगरचे दोन झाकण घातले. नळाच्या पाण्याची चाचणी वेगळी करून ठेवली, कारण तांब्याच्या नळातून येणाऱ्या पाण्यातही थोडं तांबं असू शकतं आणि मग दोष टाकीवर जातो.

२३ फेब्रुवारी

टिश्यू चारही बाजूंनी कोरडे. तांबं: नळाचं पाणी शून्य, टाकीतलं पाणीही शून्य. निळं औषध रंगाचंच होतं, असं मानायला आता आधार आहे. तरी कोळंबीचा विचार निदान काही महिने पुढे ढकलतोय. सिलिकॉनमधलं तांबं सावकाश सुटतं आणि सध्याच्या चाचणी किटला दिसते त्याच्या खालची पातळीही कोळंबीला जड जाते.

पाणी काढून, व्हिनेगर होतं म्हणून, टाकी पुन्हा दोनदा धुतली.

२४ फेब्रुवारी

आता ब्लीच. पहिल्याच दिवशी ब्लीच ओतून मोकळं व्हायचा मोह होतो, पण ब्लीचमधलं हायपोक्लोराइट सेंद्रिय घाणीवर खर्च होऊन जातं. शेवाळ आणि गाळ असताना ओतलं तर त्याची ताकद घाणीतच संपते आणि खालचे जंतू वाचतात. काच स्वच्छ असली की तेच ब्लीच कमी पुरतं.

साधं ब्लीच, बिनवासाचं, त्यात साबणाचं फेसाळ द्रव्य नसलेलं. जुनी बाटली नको. ब्लीच साठवणीत कमजोर होत जातं. मत्स्यपालनात उपकरणं निर्जंतुक करायला लिटरमागे २०० मिलिग्रॅम क्लोरीन आणि तासभर मुक्काम असा हिशोब धरतात. टाकीत पाणी साधारण ७६ लिटर, म्हणजे १५.२ ग्रॅम क्लोरीन हवं. ५ टक्क्यांच्या ब्लीचमध्ये लिटरमागे साधारण ५० ग्रॅम, म्हणजे ३०४ मिली. मोजपात्राने ३२० मिली घातलं. भरलेल्या टाकीला एवढं पुरतं. नुसतं पुसून घ्यायचं असेल तर ब्लीचचा १ भाग आणि पाण्याचे १९ भाग असं मिश्रण करून काच १० ते १५ मिनिटं ओली ठेवतात, पण तासभर भरून ठेवण्यात कोपरे सुटत नाहीत.

फिल्टरचा डबा, जाळी आणि पाणी उपसायची नळी टाकीतच बुडवली. फिल्टरची मोटर पाण्यात बुडणारी नाही, तिचे निघणारे भागच आत. लाकूड असतं तर यात घातलं नसतं. लाकूड ब्लीच पिऊन बसतं. खिडक्या उघड्या, डोळ्यांना चष्मा, जुने कपडे.

तासाने पाणी भरपूर साध्या पाण्यासोबत सांडपाण्याच्या मोरीत सोडलं. कुंड्यांत किंवा अंगणात नाही.

२५ फेब्रुवारी

दोनदा साध्या पाण्याने धुतलं. मग टाकी भरून नळाच्या पाण्याला लागते त्याच्या चौपट डीक्लोरीनेटर घातलं. त्यात सोडियम थायोसल्फेट असतं. ते क्लोरीनचं साध्या क्लोराइडमध्ये रूपांतर करतं. चाचणीच्या पट्टीवर क्लोरीन शून्य. नाकाने काम भागेल असं म्हणणारे भेटतात, पण नाकाला जे कळत नाही ते कल्ल्यांना कळतं, म्हणून पट्टी.

रिकामी करून सावलीत, वाऱ्यावर वाळत ठेवली.

२६ फेब्रुवारी

पूर्ण वाळल्यावर कडा, कोपरे आणि जाळी ७० टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलने ओली केली. मायकोबॅक्टेरियावर क्लोरीनपेक्षा अल्कोहोल चांगलं चालतं. ब्लीच पूर्ण निघाल्याची खात्री झाल्याशिवाय हे करायचं नाही, दोन्ही एकत्र आले तर क्लोरोफॉर्मसारखी विषारी द्रव्यं बनतात. आजूबाजूला ज्योत किंवा ठिणगी नको. उडून गेल्यावर पुन्हा एकदा पाण्याने धुऊन वाळवली.

२८ फेब्रुवारी

जागेवर मांडली. पाणी ७६ किलो, काच सुमारे १६, खडी, स्टँड. सगळं मिळून शंभर किलोच्या पुढे. स्पिरिट लेव्हल लांबीला आणि रुंदीला लावून स्टँडच्या पायांखाली पाचर दिली. एक कोपरा खाली राहिला तर सगळा ताण त्याच सांध्यावर, आणि तो आपण नुकताच केलेला.

नवी खडी धुतली, पाणी निवळ येईपर्यंत. तिच्यावरही व्हिनेगर टाकून पाहिलं, फेस नाही. नवा हीटर बसवला, अजून चालू केला नाही. कोरड्यात तापला तर काच तडकते. विजेच्या सगळ्या वायरी प्लगपेक्षा खाली लोंबतील अशा सोडल्या, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब वायरच्या खालच्या वळणावरून जमिनीवर पडतो, प्लगात जात नाही. प्लगच्या लाइनवर गळती होताच वीज तोडणारा स्विच आहे, त्याचं चाचणीचं बटण दाबून पाहिलं. चालतो.

१ मार्च

पाणी भरलं, डीक्लोरीनेटर घातलं. एका रात्रीत क्लोरीन उडून जातो हे खरं, पण जिथे नळाच्या पाण्यात क्लोरामाइन घालतात तिथे ते उडत नाही. बाटलीतलं द्रव्यच हवं. तासाभराने फिल्टर आणि हीटर चालू, २७ अंशांवर.

पाणी लख्ख, काच लख्ख. मासे आत्ता सोडले तर मरतील. इतकं निर्जंतुक केल्यावर उपयोगी जिवाणूही उरलेले नाहीत. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया येतो. एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा, मुख्यतः नायट्रोस्पायरा, नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, स्पंजवर आणि खडीवर थर धरतात. तो थर आता शून्यापासून वाढवायचा.

माशांऐवजी अमोनियम क्लोराइड. खडी घालून पाणी ६५ लिटर उरलं. लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनियासाठी साधारण ०.४ ग्रॅम. ओळखीच्यांनी त्यांच्या टाकीतला जुना स्पंज देऊ केला. निरोगी टाकीतला स्पंज ही पद्धत झटपट आहे यात शंका नाही. पण त्यांच्याकडे मागच्या महिन्यातच नवे मासे आले आहेत, त्यामुळे नम्रपणे नको म्हटलं. एवढं धुऊन दुसऱ्याचे जंतू आणायचे नाहीत.

९ मार्च

अमोनिया २, नायट्राइट ०. काहीच हललेलं नाही. अपेक्षितच.

१६ मार्च

अमोनिया १, नायट्राइटचा पहिला गुलाबी रंग. पहिला गट आला.

२४ मार्च

डोस घातला की अमोनिया दुसऱ्या दिवशी शून्य होतो, नायट्राइट मात्र किटच्या शेवटच्या जांभळ्यापर्यंत चढलंय. हा टप्पा कंटाळवाणा असतो. बरेच जण इथेच 'अमोनिया शून्य, म्हणजे झालं' म्हणून मासे आणतात. नायट्राइट माशाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला बिघडवतं, रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात हवा भरपूर असूनही मासा वर येऊन धापा टाकतो.

पीएच ७.६ वरून ६.८ वर आला. अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यातली क्षारता (पीएच सावरून धरणारी) खर्च होते. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या तोलाची. पीएच असाच घसरत राहिला तर जिवाणूंचं काम मंदावतं. निम्मं पाणी बदललं, पीएच वर आला.

५ एप्रिल

सकाळी ०.४ ग्रॅम डोस. रात्री अमोनिया जेमतेम दिसतो, नायट्राइट ०.५.

११ एप्रिल

काल सकाळच्या डोसनंतर २४ तासांनी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ८० च्या आसपास. आज पुन्हा तोच डोस, खात्रीसाठी.

१२ एप्रिल

पुन्हा दोन्ही शून्य. नव्वद टक्के पाणी बदललं. नायट्रेट १० वर. नवं पाणी त्याच तापमानाचं आणि डीक्लोरीनेटर घालूनच, कारण क्लोरीन जिवाणूंच्या थरालाही मारतो. हीटर पाणी काढण्याआधी बंद करून पंधरा मिनिटं निवू दिला. मागचा उजवा कोपरा टिश्यूने पुसून पाहिला, कोरडा.

मासे आणेपर्यंत रोज थोडा अमोनिया चालू. खाणं थांबलं तर थर क्षीण होतो. पहिल्या खेपेला मोजकेच लहान मासे, तेही आधी वेगळ्या साध्या टाकीत निदान चार आठवडे ठेवून. त्या टाकीची जाळी आणि बादली वेगळी, त्यांच्यावर लाल टेप लावून ठेवली आहे.